पोटातील छिद्रावर तातडीची शस्त्रक्रिया : तालुक्याच्या गावातील एका सर्जिकल हॉस्पिटलचे परीक्षण

सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक शल्यचिकित्सक आणि त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञ पत्नी पंचवीस खाटांचे रुग्णालय चालवतात. माझ्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा, अल्सर फुटला, म्हणजे आतड्याच्या आतील व्रण वाढून भिंतीला छिद्र पडले, तेव्हा निदान, शस्त्रक्रिया आणि नंतरची शुश्रूषा हे सारे तेथेच झाले, आणि त्या सेवेविषयी मी हे लिहीत आहे. रुग्णालयाचे नाव दिलेले नाही, कारण डॉक्टरांनीच तशी विनंती केली. नातेवाइकांनी केलेली जाहीर स्तुती ही शेवटी जाहिरातच ठरते आणि ती आपल्या व्यवसायाला शोभत नाही, असे त्यांचे मत आहे. मी सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे रुग्णालयात पाऊल टाकल्यावर माझे लक्ष खोलीतील वातानुकूलन यंत्राकडे किंवा दर्शनी काचांकडे जात नाही. रुग्णाला पहिल्यांदा हात कोणी लावला, सलाईन किती वेळात सुरू झाले आणि कागदावर काय लिहिले गेले, याकडे जाते. हे परीक्षणही त्याच नजरेने केलेले आहे.

जठर किंवा आतड्याच्या भिंतीला आरपार छिद्र पडते, तेव्हा आतील आम्ल, पित्त, अन्न आणि जंतू उदरपोकळीत उतरतात. पहिल्या काही तासांत होणारा दाह बराचसा रासायनिक असतो. त्यानंतर जंतू वाढू लागतात, आतड्यांची हालचाल मंदावते, रक्तातील पाणी पोटात झिरपत राहते, रक्तदाब घसरतो आणि मूत्रपिंडांपासून फुप्फुसांपर्यंत एकेक अवयव हार मानू लागतो. डेन्मार्कमध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला होता. फुटलेल्या अल्सरचा रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतर शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाबरोबर त्याची जगण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. ज्या आजारात तासाचा हिशोब असा मांडता येतो, त्या आजारासाठी रुग्णालय चांगले की वाईट हे यंत्रांच्या यादीवरून ठरवता येत नाही. साध्या साध्या गोष्टी योग्य क्रमाने आणि न रेंगाळता होतात का, आणि निर्णय घेणारा माणूस रात्री प्रत्यक्ष हजर असतो का, हे पाहावे लागते. या रुग्णालयाचे माझ्या मते सर्वांत मोठे बलस्थान हेच आहे.

दादांनी साठी ओलांडली आहे, डाळिंबाची बाग अजून स्वतः पाहतात, आणि गुडघेदुखीसाठी कित्येक महिने मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून घेत होते, त्याही अनेकदा रिकाम्या पोटी. शिवाय तंबाखूची सवय जुनी. जठराच्या आतील अस्तराचे रक्षण करणारी जी द्रव्ये शरीर तयार करते, त्यांचीच निर्मिती ही वेदनाशामके रोखतात. दुखणे थांबते, पण अस्तर उघडे पडते. अल्सर फुटण्यापूर्वी पोटात दुखलेच पाहिजे असेही नसते. दादांना आधी कसलाही त्रास नव्हता. बागेत ठिबकची कॉक बंद करण्यासाठी ते वाकले आणि त्याच क्षणी बेंबीच्या वर असह्य कळ आली. कळ नेमकी कोणत्या क्षणी आली हे रुग्णाला ठामपणे सांगता येणे, ही छिद्राच्या निदानातील पहिली आणि फार मोलाची खूण आहे, कारण साध्या अपचनाचे दुखणे कधी सुरू झाले हे सहसा कोणाला आठवत नाही.

गावाजवळच्या एका दवाखान्यात त्यांना आधी नेले होते. तेथे पोटाला हात न लावता पित्ताचे आणि दुखण्याचे अशी दोन इंजेक्शने देऊन घरी पाठवले गेले. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. इंजेक्शन दिले याचा राग नाही. न तपासता दिले याचा आहे. पुढे जे झाले ते तर अधिक फसवे होते. तासा-दोन तासांनी दुखणे खरोखरच कमी झाले, दादा शांत पडून राहिले आणि घरच्यांना वाटले की गुण आला. छिद्र पडल्यानंतर काही तासांनी उदरावरणातून, म्हणजे पोटाच्या पोकळीला आतून असलेल्या पातळ अस्तरातून, स्रवणाऱ्या द्रवात आम्ल मिसळून सौम्य होते आणि रुग्णाला बरे वाटू लागते. हा काळ सर्वांत धोक्याचा, कारण आत सारे बिघडत असते आणि बाहेर मात्र स्वस्थता असते. वहिनींनी मला फोन केला तेव्हा मी एवढेच विचारले, “वहिनी, दादा कूस बदलतात का?” “नाही हो, जरा हलले तरी ओरडतात, आणि उजवा खांदा दुखतो म्हणतात,” असे त्या म्हणाल्या. मुतखड्याच्या कळेने तळमळणारा माणूस एका जागी राहत नाही. उदरावरणाला सूज आलेला माणूस मात्र अंग चोरून निपचित पडतो. खांदा दुखतो तो श्वासपटलाखाली, म्हणजे छाती आणि पोट यांमधील पडद्याखाली, द्रव आणि हवा साचल्यामुळे, कारण त्या पडद्याच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतील त्याच मज्जातंतूंच्या मुळांकडे जातात. मी त्यांना पाण्याचा घोटही न देता थेट या रुग्णालयात आणण्यास सांगितले आणि मीही तेथे पोहोचले.

रात्रीचे अकरा वाजत आले होते. दारात आधी केसपेपर, आधी अनामत रक्कम, असे काही झाले नाही. ड्यूटीवरील सिस्टरने स्ट्रेचरवरच नाडी, रक्तदाब, ताप आणि ऑक्सिजन पाहून फळ्यावर नव्हे, कागदावर वेळेसह लिहिले, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सर्जनना बोलावले. ते पाच-सात मिनिटांत खाली आले. त्यांनी पोट तपासण्याची जी पद्धत वापरली ती मी मुद्दाम पाहिली. आधी नुसते पाहिले : श्वासाबरोबर पोट हलते का. हलत नव्हते. मग हात चोळून गरम केला, वेदनेच्या जागेपासून सर्वांत दूर, डाव्या ओटीपोटावर ठेवला आणि हळूहळू वर सरकत गेले. सगळीकडे स्नायू ताठ होते. यकृतावर बोटांनी ठोकल्यावर एरवी येणारा बद्द आवाज येत नव्हता, कारण यकृताच्या आणि पोटाच्या भिंतीच्या मध्ये हवा शिरली होती. मग प्रश्न आले : कोणत्या गोळ्या, किती दिवस, तंबाखू, मागच्या दोन-तीन आठवड्यांत ताप होता का, वजन घटले का, घरात कोणाला क्षय झाला होता का. तापाचा प्रश्न विषमज्वरासाठी होता. त्या आजारात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला छिद्र पडू शकते, आणि आपल्याकडे पावसाळ्यानंतर असे रुग्ण अजूनही येतात. वजन घटण्याचा प्रश्न कर्करोगासाठी आणि क्षयासाठीही. गोळ्यांचे नाव आमच्या भाच्याने खिशातली रिकामी स्ट्रिप काढून दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी ती केसपेपरला टाचून ठेवली.

एक्स-रेविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण येथेच अनेक ठिकाणी चूक होते. छिद्रातून बाहेर पडलेली हवा हलकी असल्यामुळे रुग्णाला उभे केले किंवा ताठ बसवले की ती वर चढते आणि उजव्या श्वासपटलाखाली, यकृताच्या माथ्यावर, काळ्या चंद्रकोरीच्या आकारात दिसते. पण वर चढण्यास तिला वेळ लागतो. रुग्णाला आडवे ठेवून घाईने काढलेल्या फिल्ममध्ये ती पसरून जाते आणि मग “एक्स-रे नॉर्मल आहे” असा निर्वाळा मिळतो. येथील तंत्रज्ञाने दादांना आधार देऊन जवळजवळ दहा मिनिटे ताठ बसवून ठेवले आणि मगच छातीची फिल्म काढली; पोटाची नव्हे, छातीची, कारण किरण श्वासपटलाला समांतर जातात ते छातीच्या फिल्ममध्ये. दादांना बसवले नसते तर डाव्या कुशीवर झोपवून आडवी फिल्म काढता आली असती, म्हणजे हवा उजव्या बाजूला यकृत आणि बरगड्यांच्या मध्ये आली असती. ती सोय आहे का, हे मी विचारले आणि त्या तरुण तंत्रज्ञाने फिल्मची पेटी कशी उभी करतो ते लगेच दाखवले. डाव्या बाजूला जठरातील नेहमीचा हवेचा फुगवटा दिसतो आणि नवखा माणूस त्याला फसतो, हेही त्याला ठाऊक होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या केंद्रांतही इतकी समज असलेला तंत्रज्ञ रात्री भेटेल याची खात्री मी देणार नाही.

फिल्मवर चंद्रकोर स्पष्ट होती. त्यामुळे सीटी स्कॅन झाला नाही, आणि या निर्णयाबद्दल मी या रुग्णालयाला विशेष गुण देते. या गावात सीटीची सोय नाही. त्यासाठी तास-दीड तासाचा प्रवास करावा लागला असता. सीटी अधिक अचूक असते यात वाद नाही. छिद्र असलेल्या साधारण चारांपैकी एका रुग्णाच्या एक्स-रेवर हवा दिसतच नाही, आणि अशा वेळी सीटीत हवेचे अगदी लहान बुडबुडे, साचलेला द्रव, कित्येकदा छिद्राची जागाही कळते. मोठ्या आतड्याला पडलेले छिद्र, अन्ननलिका फाटणे, एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपीनंतर पोट दुखू लागणे, या प्रसंगी तर सीटीशिवाय पुढे जाऊ नये. परंतु पोट ताठ आहे, हवा दिसते आहे आणि इतिहास जुळतो आहे, अशा रुग्णाला आणखी एका तपासणीसाठी गाडीत घालणे म्हणजे उत्तर मिळाल्यावर पुन्हा प्रश्न विचारण्यासाठी वेळ दवडणे होय. भाच्याने काळजीपोटी “डॉक्टर, सीटी केला तर बरे नाही का होणार?” असे विचारले, तेव्हा त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरून त्याला ती कोर दाखवली आणि सांगितले, “ही दिसली नसती तर मीच तुम्हाला सोलापूरला पाठवले असते.”

ईसीजी काढला गेला, कारण हृदयविकाराच्या झटक्यातही कधी कधी फक्त पोटाच्या वरच्या भागात दुखते. रक्तात क्रिएटिनीन, साखर, हिमोग्लोबिन आणि अमायलेज हे स्वादुपिंडातील पाचकद्रव्य पाहिले. अमायलेज थोडे वाढलेले होते. छिद्रातही ते वाढते आणि स्वादुपिंडाचा दाह समजून रुग्ण तसाच ठेवला जाण्याचे प्रकार मी नोकरीत पाहिले आहेत. येथे ती गफलत झाली नाही.

तपासण्या चालू असतानाच उपचार सुरू झाले होते. दोन्ही हातांना जाड सुया, त्यांतून रिंगर लॅक्टेट हे सलाईन, नाकातून रायल्स ट्यूब घालून जठर रिकामे करणे, लघवीची नळी, शिरेतून आम्ल कमी करणारे पँटोप्रॅझोल, आणि शस्त्रक्रियेची वाट न पाहता प्रतिजैविकांचा पहिला डोस. ताशी किती लघवी होते हा आकडा सलाईन पुरते की नाही ते सांगतो, आणि वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर लघवी येईपर्यंत भूलतज्ज्ञ थांबले. वेदनेवरचे इंजेक्शनही सर्जननी हात लावून निदान केल्याबरोबर दिले गेले. पूर्वी आम्हाला शिकवत की निदान पक्के होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, खुणा झाकल्या जातात. ती समजूत आता मागे पडली आहे, तरी अनेक रुग्णालयांत रुग्णाला तासन्‌तास विव्हळत ठेवतात. दादांचा चेहरा सैल झालेला पाहून वहिनींना जो धीर आला, त्याचे मोल मला कोणत्याही तपासणीपेक्षा कमी वाटत नाही.

संमतिपत्र मराठीत होते. सर्जननी कोऱ्या कागदावर जठर आणि त्याला जोडलेला ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, यांचे चित्र काढून छिद्र कोठे असण्याची शक्यता आहे ते दाखवले, आणि छिद्र मोठ्या आतड्याला निघाले तर पोटावर शौचाची वाट काढावी लागेल, हेही आधीच सांगितले. धोक्याचा अंदाज देताना त्यांनी हाँगकाँगच्या बोई यांच्या निकषांचा आधार घेतला : येताना रक्तदाब खूप खाली होता का, चोवीस तासांहून अधिक उशीर झाला का, आणि हृदय-मूत्रपिंडासारखा दुसरा गंभीर आजार आहे का. तिन्ही प्रश्नांचे उत्तर “नाही” असले तर धोका बराच कमी असतो. दादांच्या बाबतीत तिन्ही उत्तरे नकारार्थी होती. वहिनींनी विचारले की शस्त्रक्रिया न करता सलाईनवर भागणार नाही का. हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. काही छिद्रे ओमेंटमने, म्हणजे आतड्यांवर पदरासारख्या पसरलेल्या चरबीच्या पडद्याने, आपोआप बुजतात, आणि हाँगकाँगमध्येच १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८३ रुग्णांपैकी निम्म्यांवर आधी शस्त्रक्रियेविना उपचार करून पाहिले होते; त्यांतील सुमारे चार जणांपैकी एकाला अखेर शस्त्रक्रिया लागली, आणि सत्तरीपुढील रुग्णांत हा मार्ग कमी यशस्वी ठरला. त्यासाठी दर काही तासांनी तोच सर्जन पुन्हा पोट तपासणार आणि छिद्र बुजले आहे हे तपासणीने पडताळता येणार, अशी व्यवस्था लागते. ज्याचे पोट सर्वत्र ताठ आहे त्याच्यावर तो प्रयोग करणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

दुर्बिणीने करता येईल का, यावरही त्यांचे उत्तर सरळ होते. रुग्णालयात लॅपरोस्कोपीची साधने आहेत, दिवसा त्यांनी अशा शस्त्रक्रिया केल्याही आहेत. परंतु रात्री दुर्बीण धरणारा प्रशिक्षित सहायक नसतो, आणि पोट धुण्याचे काम अपुरे राहण्यापेक्षा बेंबीच्या वर एक छेद घेणे बरे. साधने असूनही ती आज वापरणार नाही, असे म्हणणारा डॉक्टर मला अधिक विश्वासाचा वाटतो.

मी आत गेले नाही, कारण नातेवाइकाने थिएटरमध्ये असू नये हा नियम मी स्वतः आयुष्यभर पाळायला लावला आहे. पण शस्त्रक्रियेची नोंद मी दुसऱ्या दिवशी मागून घेतली आणि ती इतकी नेटकी होती की डोळ्यांसमोर सारे उभे राहिले. उदरपोकळीत पित्तमिश्रित द्रव, त्याचा नमुना जंतू तपासण्यासाठी कल्चरला. ड्युओडेनमच्या पहिल्या भागात समोरच्या भिंतीवर सुमारे अर्धा सेंटिमीटरचे छिद्र. मागील भिंतीवर, जठरावर आणि उरलेल्या आतड्यावर दुसरे छिद्र नाही, याचा स्वतंत्र उल्लेख. दुरुस्ती ग्रॅहम पॅचची. टोरोंटोचे सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ साली मांडलेली ही पद्धत आजही तशीच टिकून आहे : छिद्राच्या दोन्ही बाजूंनी तीन-चार टाके ओवायचे, ओमेंटम रक्तपुरवठा न तोडता वर ओढून छिद्रावर ठेवायचे आणि त्यावरून टाके बांधायचे. बांधताना गाठ फार आवळली तर ओमेंटमचा रक्तप्रवाह थांबतो आणि पॅच सडतो. सैल राहिली तर पुन्हा गळते. सुजून ठिसूळ झालेल्या कडा एकमेकींकडे ओढून शिवण्याचा मोह टाळणे हीच त्या पद्धतीतील खरी युक्ती आहे. छिद्र जठराला असते तर कडेचा तुकडा कर्करोगाच्या तपासणीसाठी पाठवणे भाग होते. ड्युओडेनमला त्याची गरज नसते, आणि “म्हणून बायोप्सी घेतली नाही” हे कारणही नोंदीत लिहिले होते. त्यानंतर यकृताखाली, पोटाच्या दोन्ही कडांना आणि कटिरपोकळीत कोमट सलाईनने धुणे, बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत. खाली रक्त टिपण्याचे मॉप आणि उपकरणे यांची मोजणी दोन सह्यांसह. ती दुसरी सही पाहून मला जे समाधान वाटले ते माझ्या व्यवसायातील स्त्रियांना समजेल.

शुश्रूषेचा दर्जा उत्तम होता, विशेषतः रात्रीच्या सिस्टरचा. पोटात ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून किती आणि कोणत्या रंगाचे येते, रायल्स ट्यूबमधून किती, लघवी किती, हे सारे वेळेवर लिहिले जात होते. ड्रेनमध्ये हिरवट पित्त दिसले तर पॅच गळतो आहे, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. एका पहाटे नाडी शंभरच्या पुढे गेली आणि थोडा ताप आला, तेव्हा तिने गोळी देऊन गप्प न बसता डॉक्टरांना उठवले. पोट ठीक होते. छातीत खालच्या भागात कफ साचला होता. त्यानंतर दादांना तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायला लावणे, टाक्यांवर उशी धरून खोकायला शिकवणे आणि खाटेवरून उतरवून चालवणे, हे तिने स्वतः केले. “आजोबा, वारा सरला का?” हा तिचा प्रश्न ऐकून दादा संकोचत, पण त्या प्रश्नाच्या उत्तरावरच पाणी आणि पेज कधी सुरू करायची ते ठरत होते.

आता उणिवा. पहिली, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर, घरी सोडतानाच्या कार्डाची. शस्त्रक्रियेची नोंद जितकी उत्तम, तितके हे कार्ड निष्काळजीपणे भरलेले होते. पूर्ण इंग्रजीत, आणि त्यात सर्वांत महत्त्वाची सूचना “अव्हॉइड एनएसएआयडीज”, म्हणजे डायक्लोफेनॅकच्या गटातील वेदनाशामके टाळा, एवढ्याच अक्षरांत. ज्या गोळीने हा आजार ओढवला ती हीच, हे दादांना किंवा वहिनींना त्यावरून कधीही कळले नसते. गुडघा दुखल्यावर त्यांनी तीच स्ट्रिप पुन्हा आणली असती. मराठीत दोन ओळी, गोळ्यांच्या नेहमीच्या नावांसह, तंबाखूचा स्पष्ट उल्लेख करून लिहिल्या पाहिजेत. मी सांगितल्यावर सर्जननी ते स्वतःच्या अक्षरात लिहून दिले, पण प्रत्येक घरी सिस्टर नसते.

दुसरी उणीव हेलिकोबॅक्टर पायलोरीविषयीची. या जंतूचा आणि अल्सरचा संबंध ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळाले. छिद्र बुजवले तरी जंतू राहिला तर अल्सर पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, आणि वेदनाशामके घेणाऱ्या रुग्णातही तो असू शकतो. येथे रक्तातील अँटिबॉडीची तपासणी करून “पॉझिटिव्ह” लिहून ठेवले होते आणि पुढे काहीच नाही. ती तपासणी जुना संसर्ग आणि चालू संसर्ग यांत फरक करत नाही. शौचातील अँटिजेन, श्वासाची चाचणी किंवा एंडोस्कोपीच्या वेळी घेतलेला तुकडा, यांपैकी एक हवे, आणि त्याआधी पँटोप्रॅझोलसारखी औषधे दोन आठवडे, प्रतिजैविके चार आठवडे थांबवलेली हवीत, नाहीतर उत्तर खोटे नकारार्थी येते. हे वेळापत्रक रुग्णालयाने स्वतःहून आखून द्यायला हवे होते. आम्ही नंतर सोलापुरात एंडोस्कोपी करून घेतली. अल्सर भरला होता, जंतू मात्र सापडला, आणि चौदा दिवसांचे औषध पूर्ण केल्यावर शौचाच्या तपासणीत तो गेल्याचे दिसले.

बिलाबद्दल तक्रार नाही, पद्धतीबद्दल थोडी आहे. खर्चाचा अंदाज तोंडी मिळाला, तपशीलवार बिल मागितल्यावर मिळाले. रुग्णालय राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न नाही, आणि ही गोष्ट दर्शनी भागात लिहिलेली नाही. रुग्ण स्थिर असेल आणि संलग्न रुग्णालय जवळ असेल, तर तेथील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, चौकशी करून निवड करण्याचा हक्क कुटुंबाला मिळायला हवा. अर्थात दादांच्या अवस्थेत मी हा वेळ घालवला नसता. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर बसलेल्यांना मधे एकदाही काही कळवले गेले नाही, आणि बाकावर बसलेल्या वहिनींची घालमेल पाहता एखाद्या वॉर्डबॉयने येऊन “सगळे नीट चालले आहे” एवढे सांगितले असते तरी पुरले असते.

मी हे रुग्णालय कोणाला सुचवेन, हे शेवटी स्पष्ट लिहिते. एकाएकी पोटात कळ येऊन पोट ताठ झाले आहे, रुग्ण शुद्धीवर आहे, लघवी होते आहे, आणि घटनेला काही तासच झाले आहेत, तर पन्नास किलोमीटर दूरचे नाव शोधण्यापेक्षा येथे यावे. मात्र येथे व्हेंटिलेटर नाही, डायलिसिस नाही, रक्तपेढी नाही. रक्तदाब उतरून हातपाय गार पडलेले, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेले, लघवी बंद झालेले, किंवा मूत्रपिंड अथवा हृदयाचा जुना आजार असलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागावाचून तरणे फार कठीण असते. त्यांना येथून सलाईन, प्रतिजैविक आणि रायल्स ट्यूब सुरू करून १०८ च्या रुग्णवाहिकेतून सोलापूरला हलवावे. अन्ननलिकेच्या छिद्रासाठीही येथे थांबू नये. डॉक्टर स्वतः तसेच करतात. आम्ही तेथे असतानाच एका वृद्ध बाईंना त्यांनी उपचार सुरू करून, पुढच्या रुग्णालयात स्वतः फोन करून आणि एक्स-रे सोबत देऊन अर्ध्या तासाच्या आत रवाना केले.